सोनकांबळे अक्कांची तपासणी

अक्का हसल्या की आमची म्हैस दावं ओढायची. आणि म्हैस दिसली की अक्का अंग चोरून भिंतीला लागायच्या. गया म्हणायची, "दोघी एकमेकीला भितात. बरोबरीच्या हायेत."

गया म्हणजे माझी बायको. ती जाऊन आता वर्ष होत आलं. पोरगा म्हणाला, बाबा, आईवर चार ओळी लिहा, मन हलकं होईल. बसलो लिहायला. तिचं नाव लिहिलं आणि पुढं हात चालंना. मग म्हणलं, ज्या अक्कांचं नाव काढून गया चुलीपुढं बसल्या बसल्या हसायची, त्यांच्यावर लिहू. ते लिहायला येतंय.

आमच्या शिवारातून कंपनीचा पाईप गेलाय. अर्धापूरच्या बाजूनं येतो, आमच्या ओढ्याखालून जातो आणि पुढं लांब निघून जातो. वरून बघितलं तर काही दिसत नाही. केळी, हळद, मधी हरभरा. खाली छातीइतक्या खोल पेट्रोल-डिझेल पळत असतं. ओळखायला म्हणून जागोजागी पिवळे खांब रोवलेत, त्यांच्यावर कंपनीचा फोन नंबर. मी त्या लाईनीवर चालायचो. ठेकेदाराच्या हजेरीवर. कुणी बोअर पाडायलंय का, जेसीबी लावलाय का, माती कुठं ओली झालीय का, वास येतोय का, एवढं बघायचं आणि कळवायचं. चालायचे पैसे मिळतात म्हणून सोयरे हसायचे. हसू देत.

या लाईनीची सरकारी तपासणी असायची. तपासणी आली की ठेकेदाराचा सुपरवायझर आठ दिवस आधीपासून पिसाळायचा. खांबांना रंग, व्हॉल्व्हच्या जागेला रंग, आग विझवायच्या लाल नळकांड्यांना फडकं. एकदा तर त्यानं गवतावरची धूळ बसावी म्हणून टँकर फिरवला. साहेब लोक यायचे, कागद बघायचे, खांबाजवळ उभं राहून फोटो काढायचे आणि जायचे. वाईट नव्हते ते. पण मी कुणाला दिसलो नाही.

मग एका तपासणीला सोनकांबळे मॅडम आल्या. याच त्या अक्का. मूळच्या जळकोटकडच्या. ठेंगण्या, भरलेल्या अंगाच्या, सुती साडी आणि पायात पळायचे बूट. डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटखाली रुमाल, रुमालाखालून पिकलेल्या केसांची बट बाहेर. बोलणं असं की बांधावर उभ्या राहून बोलल्या तर ओढ्यापल्याड कळावं. कंपनीच्या साहेबानं फायलींचा गठ्ठा पुढं केला तर म्हणाल्या, "कागद मी नांदेडला बसून वाचीन, राजे. पंख्याखाली. इथं उन्हात मला जमीन दाखवा." त्या सगळ्यांनाच राजे म्हणायच्या. ठेकेदारालाही आणि ड्रायव्हरलाही. रागावल्या की मात्र "साहेब" म्हणायच्या. त्यामुळं त्यांनी साहेब म्हणलं की समोरच्याला घाम फुटायचा.

जेवण त्या घरून बांधून आणायच्या, पण ते जीपमध्येच संपायचं. मग दुपारी ज्याच्या घरी बसतील त्याच्या ताटातलं खायच्या. कंपनीनं गेस्टहाऊसला पनीर करून ठेवलेलं असायचं. त्या आमच्या ओट्यावर ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा खात बसायच्या. साहेब मंडळी ऊन बघत उभी. अक्का ओरडायच्या, "बसा की राजे, ठेचा काही स्फोटक नाही. माझ्या अखत्यारीत येत नाही तो."

पहिल्या वेळी आल्या तेव्हा त्यांनी खांब बघितला आणि विचारलं, "या खांबाच्या सगळ्यात जवळ घर कुणाचं?"

सुपरवायझरनं माझ्याकडं बोट केलं. लगेच निघाल्या. अंगणात म्हैस होती. तिथं थांबल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही मधून चाला." पेट्रोलच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यात वाकून बघणारी बाई, आणि आमच्या गरीब म्हशीला भ्यायली.

गया भाकरी थापत होती. अक्का खाली पाटावर बसल्या. "जय भीम, वहिनी. पाणी द्या अन् एक काम करा. त्या पिवळ्या खांबावर काय लिहिलंय?"

"मला वाचता येत न्हाई, मॅडम. आकडे येतात."

"आकडेच पाहिजेत. लावा तो नंबर. सांगा, वास यायलाय म्हणून."

गयानं दारातून खांबावरचे आकडे बघत पिठाच्या हातानं फोन लावला. अक्कांनी तो मोठ्या आवाजावर ठेवायला लावला. पलीकडं कुठल्या तरी लांबच्या गावात कंट्रोल रूम. तिथला माणूस हिंदीत म्हणाला, "लोकेशन बताइए. किलोमीटर नंबर क्या है?"

गया म्हणाली, "किलोमीटर कशाला, घरीच हाव मी. वास यायलाय. महादूच्या केळीच्या खालच्या अंगाला."

"मॅडम, किलोमीटर बोलिए."

"अरे बाबा, तुला केळी कळत न्हाई का? हिरवी पानं असतात, वर घड लागतो. महादूची. त्याची सासरवाडी मुदखेडला हाय."

अक्का अशा हसल्या की म्हशीनं खुंटा हलवला. अक्कांनी डोळ्याला पदर लावला आणि मग फोन हातात घेऊन बोलल्या, तेव्हा आवाज एकदम वेगळा. "मी तपासणी अधिकारी सोनकांबळे. ही बाई तुम्हाला खरी जागा सांगत होती. तुम्हाला ती समजली नाही. उद्या इथं खरंच पाईप फुटला तर ती किलोमीटर मोजत बसेल का?"

कंपनीचा साहेब दारात उभा होता. म्हणाला, "मॅडम, नंबर लावलाय, बोर्ड लावलाय. नियमात एवढंच..."

"नियमात असं आहे साहेब, की लोकांना कळवता आलं पाहिजे. बाईनं कळवलं. तुमच्या माणसाला कळलं का?"

साहेब म्हणल्यावर त्यानं रुमाल काढून कपाळ पुसलं. अक्कांनी तपासणीच्या शेऱ्यात लिहिलं की फोनवर कायम मराठी बोलणारा माणूस पाहिजे आणि त्याला शिवारातली नावं पाठ पाहिजेत. ओढ्याची, मळ्यांची, देवळांची. पुढच्या महिन्यात खरंच माणूस बसला. व्यंकटराव नाव. देगलूरचा. घरी तेलुगू, शाळा मराठी. गंमत म्हणजे हा माणूस त्याच कंट्रोल रूममध्ये कितीतरी वर्षं होता, फक्त त्याला फोनपाशी कुणी बसवला नव्हता. मी त्याला फोनवरच दोन दिवस नावं सांगितली. महादूची केळी, सोपानचा हळदीचा मळा, दुसऱ्या सोपानची विहीर, म्हसोबाचा ओढा. तो म्हणायचा, "मामा, सावकाश. एवढे सोपान कशाला ठेवलेत गावात?"

तेव्हापासून गया मॅडम म्हणायची सोडून त्यांना अक्का म्हणायला लागली. त्यांनीच सांगितलं होतं, "आमच्याकडं मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात. मॅडम म्हणलं की मला ऑफिसात बसल्यासारखं वाटतं."

लातूरच्या बाजूचा एक किस्सा ड्रायव्हरनं सांगितला होता. तिकडं एका व्यापाऱ्यानं नेमकं पाईपाच्या पट्ट्यावर गोदामाचा पाया खणायला घेतला. त्या पट्ट्यात बांधकामाला बंदी असते. कंपनीनं नोटिसा पाठवल्या, यानं त्यांच्यावर वजनकाटा ठेवला. अक्का गेल्या. पायाबद्दल शब्द काढला नाही. ताक प्यायल्या. गोदाम किती मोठं, माल काय, सगळं कौतुकानं विचारलं. मग म्हणाल्या, "अप्पा, रात्री राखणीला कोण झोपणार?"

"गडी झोपंल की."

"गडी नको. तुम्ही झोपा. तुमचा माल, तुमचं गोदाम. खाट बरोबर मधोमध टाका. खालून डिझेल किती जोरात पळतं ते मी तुम्हाला समजावून सांगते, म्हणजे झोप छान लागेल."

आणि समजावून सांगितलं म्हणे, हातवारे करून, पाईप फाटला तर कारंजं कुठवर जाईल इथपर्यंत. अप्पांच्या बायकोनं आतूनच आवाज दिला, "पाया बुजवा हो आधी!" गोदाम पट्ट्याच्या बाहेर सरकलं. अक्का वास्तूला जेवायला गेल्या आणि तिथंही दोन वाट्या ताक प्यायल्या.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगतो.

हळद शिजवायचे दिवस होते. आमच्या भागात या दिवसांत शेताशेतात चुलवणं पेटलेली असतात, वर मोठाली पिंपं, त्यात हळद रटरटत असते. गया सकाळी ओढ्यावर धुणं धुवायला गेली. बघती तर पाण्यावर तवंग. निळा, जांभळा, मोराच्या पिसासारखा. आणि वास डिझेलचा. नाकात जाऊन बसणारा. पाईप त्याच ओढ्याखालून गेलेला.

तिनं धुणं तिथंच टाकलं आणि फोन लावला. व्यंकटरावानं उचलला. ती म्हणाली, "म्हसोबाच्या ओढ्यात तवंग आलाय. लई वास हाय." त्यानं किलोमीटर विचारला नाही. एवढंच विचारलं, "माई, जवळ कुठं जाळ आहे का?"

"हाय की. वरच्या अंगाला सोपानची हळद शिजायलीय."

"ते आधी विझवायला लावा. मग सगळ्यांना घेऊन लांब जा. मी इकडं लाईन बंद करतो."

सोपान माझा चुलतभाऊ. गया पळत गेली आणि त्याला सांगत बसायच्या ऐवजी चरवीभर पाणी त्याच्या चुलवणात ओतलं. मग दुसरी चरवी. सोपान बोंबलायला लागला, "वहिनी, हळद कच्ची राहिली! येडी झाली का काय तू!" तिनं तिसरी ओतली.

लाईन बंद झाली. खरंच बंद झाली. मी तेव्हा पल्याडच्या शिवारात होतो, पळत आलो तोवर कंपनीच्या गाड्या ओढ्यावर. यंत्रं लावली, माती काढली, पाईप उघडा केला. दुपार झाली. पाईप ठणठणीत. कोरडा. नखाएवढी गळती नाही.

मग कुणीतरी ओढ्याच्या वरच्या अंगाला चालत गेलं, तर तिथं सोपानची नवी पिंपं पालथी घातलेली. नांदेडच्या भंगारवाल्याकडून हळद शिजवायला स्वस्तात आणलेली. आधी डिझेलची होती. चुलवणावर चढवलेलं पिंपही त्यातलंच. पठ्ठ्यानं पहाटे ती ओढ्यात बसून साबणानं घासली होती. आणि सकाळपासून सगळं गाव ओढ्यावर जमलं तरी चोर तोंड उघडायला तयार नाही. कच्च्या हळदीसाठी भांडत मात्र सगळ्यात पुढं.

हसायला पाहिजे होतं. पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. लाईन बंद ठेवायला लागली म्हणून कंपनीचा साहेब लाल झाला होता. त्यानं कागदावर "खोटा फोन" असं लिहून घेतलं. सुपरवायझर मला म्हणाला, "तू लाईनीचा माणूस, तुझ्या बायकोला एवढं कळत नाही? उद्यापासून येऊ नको." माझी हजेरी गेली. घर त्याच्यावर चालत होतं, कारण आमची जमीन म्हणजे नावाला.

पण मला त्याच्यापेक्षा गयाचं बघवेना. ती पाण्याला ओढ्यावर जायची बंद झाली. बाया विचारायच्या, "गयाबाई, आज कशाचा वास यायलाय?" एकीनं वरण बुडाला लागलं तेव्हा ओरडून सांगितलं, "फोन लावा गं, गयाबाईला बोलवा." गयानं मोबाईल धान्याच्या कोठीत टाकला. म्हणाली, "आता घर पेटलं तरी मी फोन करणार न्हाई. अन् कुणी करू बी नये." आणि खरंच गावात सगळ्या बाया तेच म्हणायला लागल्या. नको बाई, गयाचं काय झालं बघितलं ना.

हे सगळं अक्कांपर्यंत कसं गेलं माहीत नाही. मला वाटतं व्यंकटरावानं सांगितलं असणार. त्यांची तपासणीची पाळी नव्हती, तरी आल्या. व्हॉल्व्हच्या जागेला लिंबाखाली खुर्च्या टाकल्या. गावातली माणसं बाजूला उभी. मलाही बोलावलं. साहेबानं कागद वाचून दाखवला. खोटा फोन, एवढ्या वेळाचा तोटा, संबंधित इसमास कामावरून कमी केले.

अक्का हसल्या नाहीत. "कोण म्हणालं खोटा?"

"मॅडम, गळती नव्हती."

"साहेब, तवंग खरा होता का?"

"होता."

"वास खरा होता?"

"हो."

"डिझेल खरं होतं?"

साहेबानं कागदाची घडी घातली.

"सगळं खरं होतं. फक्त डिझेल तुमचं नव्हतं. ते त्या बाईनं कसं ओळखायचं? चव घेऊन?"

माणसांत कुणीतरी फिसकन हसलं. अक्का उभ्या राहिल्या. "मी दर साली तुमचं मॉक ड्रिल बघते. आदल्या दिवशी गाड्या धुऊन उभ्या असतात. आग विझवणाऱ्यांचे कपडे इस्त्रीचे. आगसुद्धा वेळेवर लागते, पाहुण्यांचा चहा झाल्यावर. एवढ्या नोकरीत हे पहिलं ड्रिल असं झालं की कुणालाच माहीत नव्हतं. बाईनं फोन केला, माणसानं उचलला, जाळ विझला, पंप थांबला. मी हे जसं झालं तसं माझ्या अहवालात लिहिणार आहे, आणि पुढं हेही लिहिणार आहे की कळवणाऱ्या बाईच्या घरचा रोजगार तुम्ही काढून घेतलात. आता इथून पुढं या शिवारात वास आला तर तुम्हाला कोण कळवणार आहे? हा लिंब?"

सुपरवायझर लिंबाकडं बघत होता. साहेब माझ्याकडं बघून म्हणाला, उद्यापासून यांना कामावर येऊ द्या. ठेकेदाराचं नाव घेऊन म्हणाला, म्हणजे ठेकेदारालाही ऐकू जावं.

तेवढ्यात अक्कांना मागं सोपान दिसला. "तुम्हीच का पिंपंवाले? ती हळद विकली का?"

"न्हाई, अजून घरीच हाय."

"ठेवा तशीच. कुणाच्या लग्नात गेली तर नवरदेव मांडवातच पेट घेईल."

आता मात्र सगळे हसले. सोपानसुद्धा. त्यानं ती हळद उकिरड्यावर टाकली आणि पिंपं परत भंगारात घातली.

पण गया तिथं नव्हती. निरोप दिला तरी आली नाही. अक्का म्हणाल्या, "मीच जाते." मी पुढं व्हायला लागलो तर हातानं थांबवलं. "तुम्ही नका येऊ, भाऊ. नवऱ्यापुढं बायका पुरतं बोलत नाहीत." अंगणात म्हैस आडवी उभी होती. मी लांबून बघत होतो. अक्का थांबल्या. हेल्मेट घट्ट केलं, जसं काही म्हैस दगड मारणार आहे, आणि डोळे मिटून तिच्या शेपटीमागून आत गेल्या.

आत काय झालं ते गयानं मला नंतर सांगितलं, आणि पुढं कितीदा सांगितलं त्याला गणती नाही.

"अक्का, माझ्यामुळं यांची हजेरी गेली."

"आली परत. उद्यापासून आहे."

"बाया हसतात."

"हसू द्या. वहिनी, तुम्ही चुकला नाहीत. पण समजा चुकलाही असता, तरी मला दहा चुकलेले फोन चालतील. एक न आलेला फोन चालत नाही. तो न आलेला फोन कसा असतो ते मी बघितलंय. दुसऱ्या जिल्ह्यात. त्यावर मी जास्त बोलणार नाही." एवढं बोलून त्यांनी हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. गया म्हणायची, तेवढ्या वेळात अक्कांचं तोंड अगदी परकं दिसलं. मग म्हणाल्या, "मोबाईल कुठं आहे?"

"कोठीत."

दोघींनी कोठीत हात घालून ज्वारीतून मोबाईल काढला. अक्कांनी चार्ज होईस्तोवर भाकरी खाल्ली. मग गयाला तोच नंबर लावायला लावला. व्यंकटराव म्हणाला, "माई! तुम्हीच ना? मला वाटलं तुम्ही आता बोलतच नाही."

"बोलते की. फोन चालू हाय का बघायला केला."

"रोज बघा, माई," तो म्हणाला. "कंटाळा येतो हो इथं."

त्या वर्षीच्या मॉक ड्रिलला व्यंकटरावाला अक्कांनी मुद्दाम बोलावून घेतलं. टकला, पोट सुटलेला, लाजरा माणूस. बायांनी त्याला घेरलं. ज्या बाया गयाला हसल्या होत्या त्याच विचारायला लागल्या, "आमच्या मळ्याचं नाव घेतलंय का लिहून? नसलं तर घ्या." गयानं त्याला पुरणपोळी वाढली. त्यानं वर देगलूरच्या पद्धतीनं अजून तूप मागून घेतलं.

गया गेल्या साली गेली. काविळीनं. दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता. अक्का मातीला येऊ शकल्या नाहीत, तपासणीला लांब गेल्या होत्या. महिन्यानं आल्या. त्यांची ती शेवटची फेरी होती, पुढं रिटायर होणार होत्या. सोबत त्यांच्या जागेवर येणारा नवा साहेब, काम समजून घ्यायला. त्याला रस्त्यावर ठेवून एकट्या आल्या. ओट्यावर बसल्या. सुनेनं ताट आणलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही जेवलात का?" मी म्हणलं, जाईना. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला.

तेवढ्यात ओढ्याकडून हाक ऐकू आली. सोपानची सून बांधावर उभी, मोबाईल कानाला. "मामंजी, वास यायलाय! मी व्यंकटरावांना सांगायलेय!"

अक्का ताटावरून उठल्या. हात धुतला नाही. बुटाची लेस सुटलेली. नव्या साहेबाला रस्त्यावरूनच हाक मारली, "या राजे, गाडी सोडा, चालत या!" आणि केळीतून निघाल्या. माझे गुडघे आता चालत नाहीत. मी ओट्यावरून बघत बसलो. केळीच्या पानांत त्यांचं हेल्मेट वर-खाली होताना दिसलं. मग ओढ्याच्या काठावर दिसल्या. साडी खोचली आणि पाण्यात उतरल्या. ओंजळीत पाणी घेऊन नाकाला लावलं. वरच्या वावरात कुणीतरी फवारणी करत होतं, तिकडं बोट केलं. नव्या साहेबाला बूट काढायला लावून पाण्यात उतरवलं, त्यालाही वास घ्यायला लावला. तो इस्त्रीच्या पॅन्टमध्ये गुडघाभर पाण्यात उभा. मग सोपानच्या सुनेचा हात धरला आणि त्या साहेबाच्या हातात दिला, त्यानं तो अवघडून हलवला.

मग वळून माझ्याकडं बघितलं. दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडल्या,

"भाऊ, काही नाही हो! सगळं ठीक आहे! तुम्ही जेवून घ्या!"